मामांच्या मेंदूतली गुठळी आणि पुढचे ९० दिवस

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी ६:४० ला मामा चहा पिऊन गोठ्यात गेले. ७:१० ला मामी दुधाची किटली घ्यायला गेली, तर मामा गव्हाणीला टेकून बसलेले. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबलेला, नजर डावीकडे खिळलेली. काही विचारलं की नुसतं "हं, हं". वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू, पण दिवाळीच्या गडबडीत आठ-दहा दिवस चुकलेली.

मी नाशिकला एका रुग्णालयात कॅथलॅब तंत्रज्ञ आहे, म्हणजे धमन्यांत नळ्या-तारा घालून उपचार करतात त्या खोलीत काम करतो. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून मामांना लकवा झाला होता. ती गुठळी ओढून काढली ते रुग्णालय दुसरं. तिथल्या आयसीयूबाहेरच्या बाकांवर नऊ दिवस नातेवाईक तेच ते प्रश्न विचारत होते: गुठळी निघाली म्हणजे बरे होणार ना? किती दिवसांत? एवढा खर्च करून उपयोग होतो का? त्यांची उत्तरं घटना घडल्या त्या क्रमानेच देतो आहे.

मामेभावाचा, दादाचा फोन ७:१५ ला आला. त्याला पहिली गोष्ट विचारली ती वेळ. तो पटकन म्हणाला, "सात-दहा". मामीने दुरुस्त केलं: शेवटचं धडधाकट पाहिलं ते ६:४० ला. उपचाराचं घड्याळ याच वेळेपासून चालतं, रुग्ण सापडला त्या वेळेपासून नाही. झोपेतून उठताना लकवा लक्षात आला, तर रात्री झोपायला गेले ती वेळ धरतात. ही वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी, कारण पुढे चार ठिकाणी चार जण ती विचारतात आणि प्रत्येक वेळी घरातलं वेगळं माणूस उत्तर देतं.

शेजारचे काका तोवर मीठ-साखरेचं पाणी आणि अॅस्पिरिनची गोळी घेऊन आले होते. दोन्ही थांबवलं. अशा वेळी गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, पाणी थेट फुप्फुसात उतरतं. आणि अॅस्पिरिन? मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. मामांना कुशीवर निजवलं, तोंडात काही दिलं नाही, १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका ७:४० ला गावात आली. ती निघताच संगमनेरच्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाला फोन करून कळवलं: लकव्याचा रुग्ण येतोय, वेळ ६:४०. या एका फोनमुळे तिथे मशीन मोकळं मिळालं.

८:१५ ला पोहोचले. आधी बोटातून साखर तपासली: १६४. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, म्हणून ही तपासणी पहिली. रक्तदाब १९२/१०४. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्यापूर्वी तो १८५/११० च्या खाली आणावाच लागतो, नाहीतर मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिरेतून लॅबेटॅलॉल दिल्यावर १७६/९६ झाला. ८:३५ ला स्कॅन: रक्तस्राव नाही, पण मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत पांढरी रेघ दिसत होती. ती रेघ म्हणजेच अडकलेली गुठळी.

इंजेक्शन टेनेक्टेप्लेज. मात्रा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २५. मामांचं वजन ६२ किलो, म्हणून १५.५ मिलिग्रॅम, ९:०० वाजता एका झटक्यात. जुन्या अल्टेप्लेजला दहा टक्के आधी आणि उरलेलं तासभर पंपावर द्यावं लागतं. रुग्णाला पुढे हलवायचं असेल तेव्हा एकाच झटक्यात संपणारं औषध फार सोयीचं, वाटेत पंप बंद पडायची भीती नाही. ही इंजेक्शनं साडेचार तासांच्या आत द्यायची असतात. म्हणून घरातल्यांनी वजन ठाऊक ठेवावं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं सोबत न्यावी. दादा औषधांचा सगळा डबाच घेऊन गेला होता, तेच बरं झालं.

एवढ्या मोठ्या धमनीतली गुठळी नुसत्या इंजेक्शनने बहुतेक वेळा विरघळत नाही. ती धमनीतून तार घालून ओढून काढावी लागते. म्हणून इंजेक्शनचा परिणाम पाहत संगमनेरात थांबायचं नव्हतं, त्यासाठी नाशिक गाठायचं होतं. तरीही डॉक्टर असलेली रुग्णवाहिका मिळेपर्यंत ३५ मिनिटं गेली. ती ३५ मिनिटं मला आजही टोचतात. अशा लकव्यात मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी (न्यूरॉन) मरतात असा अंदाज आहे. स्कॅन होत असतानाच पुढची रुग्णवाहिका सांगून ठेवली असती, तर त्यातली निम्मी तरी वाचली असती. कुणावर अशी वेळ आली तर हे जरूर करा. नको झाली तर रद्द करता येते.

९:३५ ला निघाले. स्कॅनची सीडी काउंटरवरच राहिली. मोबाइलवर काढलेले फोटो नाशिकच्या डॉक्टरांना आधीच पाठवले होते, त्यावर त्यांनी "घेऊन या" म्हटलं, पण फोटोवरून बारीक काही ठरवता येत नाही. सीडी, संदर्भपत्र, इंजेक्शनची वेळ आणि मात्रा, आधार कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड हे सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी एकाच माणसाच्या खांद्याला द्यावी.

११:०५ ला नाशिक. सत्तर किलोमीटरला दीड तास. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरच तपासलं. लकव्याची तीव्रता मोजायचं एक कोष्टक असतं, ० ते ४२ गुणांचं, जितके गुण जास्त तितका झटका मोठा. मामांचे गुण १७. इंजेक्शनने काही फरक नव्हता. ११:२० ला पुन्हा साधा सीटी आणि लगेच शिरेतून औषध सोडून धमन्यांचा स्कॅन, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, छातीतल्या महाधमनीपासून डोक्याच्या टाळूपर्यंत. मूत्रपिंडाच्या तपासणीच्या (क्रिएटिनिनच्या) रिपोर्टसाठी थांबले नाहीत, आणि ते योग्यच होतं. त्या औषधाने मूत्रपिंडाला असलेल्या थोड्याशा धोक्यापायी मेंदू वाया घालवायचा नसतो.

अँजिओत डावी मधली मेंदू-धमनी मुळाशीच बंद. दुसरा आकडा अॅस्पेक्ट स्कोअर. मेंदूच्या त्या भागाचे दहा तुकडे मानतात आणि मेलेला दिसेल त्या प्रत्येक तुकड्याचा एक गुण वजा करतात. मामांना ७ मिळाले, म्हणजे सात तुकडे अजून वाचवण्याजोगे. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांतून थोडं रक्त पोहोचत होतं, त्या जोरावरच ते तगले होते. ही आडवाटेची रसद ज्याची चांगली त्याला वेळ थोडा जास्त मिळतो. दोन माणसांना एकाच वेळी एकच झटका आला तरी निकाल वेगळा लागतो, त्याचं मोठं कारण हेच.

गुठळी ओढून काढण्याची सहा तासांची खिडकी १२:४० ला संपत होती. सहा तास उलटले म्हणजे सगळं संपलं, असं आता राहिलेलं नाही. २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज-३ हे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. मेंदूचा बराच भाग जिवंत असेल तर निवडक रुग्णांना १६ ते २४ तासांपर्यंत फायदा होतो, असं त्यांतून दिसलं. उशीर झाला म्हणून रुग्णाला घरीच ठेवू नये. पण या निकालाचा अर्थ "चोवीस तास आहेत, सावकाश जाऊ" असाही काढू नये. दवाखान्याच्या दारापासून धमनी उघडेपर्यंत दर चार मिनिटांच्या उशिराला शंभरातल्या एकाचं अपंगत्व वाढतं, असं पाच अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर निघालं आहे.

११:३५ ला संमतिपत्र. न्यूरो-इंटरव्हेन्शनच्या डॉक्टरांनी दादाला उभ्याउभ्याच सांगितलं, पण नीट सांगितलं: धमनीला भोक पडू शकतं, गुठळीचे तुकडे पुढे सरकू शकतात, उघडलेली धमनी पुन्हा बंद होऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग दादाने तोच प्रश्न विचारला, "बरे होतील ना?" त्यावर मिळालेलं उत्तर इथे पुरं देतो, कारण या लेखाचं कारणच ते आहे. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पाच चाचण्यांतल्या १२८७ रुग्णांचा एकत्रित हिशेब आला. गुठळी काढलेल्यांपैकी ९० दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४६ टक्के, फक्त औषधोपचार झालेल्यांपैकी २६.५ टक्के. मृत्यू १५.३ विरुद्ध १८.९ टक्के. लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव ४.४ विरुद्ध ४.३, म्हणजे जवळजवळ सारखाच. थोडक्यात, उपचार उत्तम आहे आणि तरीही निम्म्याहून जास्त माणसं पूर्ण स्वावलंबी होत नाहीत. दादाने सही केली.

खर्चाचा अंदाज साडेपाच ते साडेसहा लाख, डिपॉझिट दीड लाख. डिपॉझिटसाठी काम थांबवलं नाही. दादाच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाचीच होती, उरलेले मी कार्डावर भरले. रुग्णालयांसाठी यूपीआयची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे, पण ती आपल्या बँकेत चालते का हे आधी पाहून ठेवावं.

आत काय झालं ते नंतर डॉक्टरांनी फिल्म दाखवून सांगितलं. १२:०५ ला उजव्या जांघेतल्या धमनीत सुई. तिथे ८ फ्रेंच मापाची शीथ, म्हणजे आत शिरायची आखूड नळी, त्यातून टोकाशी फुगा असलेला गाईड कॅथेटर, म्हणजे लांब पोकळ नळी, मानेतल्या धमनीपर्यंत. त्याच्या आतून मऊ सक्शन कॅथेटर, त्याच्या आत सूक्ष्म कॅथेटर आणि ०.०१४ इंची तार. तार गुठळीच्या पलीकडे न्यायची, तिच्यावरून सूक्ष्म कॅथेटर, मग तार काढून स्टेंट रिट्रीव्हर उघडायचा. ही तारेची बारीक जाळी, मामांसाठी ४ मिलिमीटर रुंद आणि ४० लांब. जाळी उघडल्यावर तीन ते पाच मिनिटं तशीच ठेवतात, म्हणजे ती गुठळीत रुतते. घाईने ओढली तर गुठळी निसटते. ओढताना मानेतला फुगा फुगवून हृदयाकडून येणारं रक्त अडवतात आणि सक्शन चालू ठेवतात, म्हणजे सुटलेला तुकडा पुढे वाहून जात नाही.

पहिल्या ओढीत गुठळीचा अर्धा तुकडा आला, धमनी अर्धवट उघडली. दुसऱ्या ओढीत उरलेला आला. १२:५० ला मुख्य धमनी आणि तिच्या बहुतेक फांद्या वाहू लागल्या. एक बारीक फांदी बंदच राहिली. डॉक्टर तिथे थांबले. ती फांदी दोन मिलिमीटरहूनही बारीक, तिच्यात जाळी ओढताना फाटण्याचा धोका मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा. याला टिकी २बी म्हणतात. धमनी कितपत उघडली याची ही श्रेणी ० ते ३ अशी असते, २बी आणि त्यावरची यशस्वी धरतात. पहिल्याच ओढीत सगळं साफ झालेल्यांचे निकाल सर्वांत चांगले असतात, आणि प्रत्येक जादा ओढीबरोबर शक्यता घटत जाते. बाहेर येऊन डॉक्टर "झालं, उघडली" म्हणतात तेव्हा तीन गोष्टी विचाराव्या: टिकी किती, ओढी किती, उघडली किती वाजता. हे प्रक्रियेच्या नोंदीत असतंच, आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला लागतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण बरीच आढळते. कित्येकांच्या मेंदूतल्या धमन्या मुळातच चरबीच्या थराने अरुंद झालेल्या असतात. गुठळी काढली तरी तिथे ती पुन्हा धरते, मग फुगा किंवा कायमची जाळी (स्टेंट) लागते आणि खर्च वाढतो. मामांची धमनी स्वच्छ होती. म्हणजे गुठळी दुसरीकडून, बहुधा हृदयातून आली होती.

आयसीयूत पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, पुढे चोवीस तास पुरे होईपर्यंत तासाला तपासणी. हात उचला, डोळे उघडा, पायाची नाडी बघ, जांघ सुजली का बघ. उजवा पाय सहा तास सरळ. मामा तो सारखा वाकवू पाहत होते, म्हणून मामीला जवळ बसू दिलं. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली, पण फार खालीही नाही. मॉनिटरवर १५० दिसला की मामी घाबरायची. धमनी उघडल्यावर दाब १२० च्या खाली खेचलेल्या रुग्णांचे निकाल जास्त वाईट लागले, म्हणून तशी एक मोठी चाचणी मधेच थांबवावी लागली होती. १५० हा आकडा त्या रात्री चांगलाच होता.

१२ तारखेला दुपारी चोवीस तासांचा सीटी. त्यात पांढरा डाग! रिपोर्टवर "रक्तस्राव?" असं प्रश्नचिन्ह. दादाचा चेहरा उतरला. अँजिओचं औषध जखमी मेंदूत झिरपलं तरी अगदी असंच दिसतं, आणि ते एक-दोन दिवसांत धुऊन जातं. १३ ला पुन्हा स्कॅन केला: बहुतेक डाग गेलेला, कडेला ठिपक्यांएवढं रक्त. तेवढं चालतं. त्यानंतर अॅस्पिरिन सुरू झालं. त्याच रात्री मॉनिटरवर हृदयाचे ठोके अनियमित दिसले, एट्रियल फिब्रिलेशन. गुठळीचा उगम सापडला. १७ तारखेपासून अॅस्पिरिन बंद करून रक्त पातळ करणारी अपिक्साबॅनची गोळी, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ही गोळी आधीच का नाही, असं मामीने विचारलं. ताज्या जखमेत रक्त पातळ केलं तर ठिपक्यांचं डबकं होऊ शकतं, म्हणून जखमेच्या आकारानुसार काही दिवस थांबतात.

गिळण्याच्या चाचणीत १३ ला नापास, म्हणून नाकातून नळी. १६ ला दाटसर पेज जमली. या तीन दिवसांत भेटायला आलेल्या दोघांनी चमचाभर पाणी पाजायचा प्रयत्न केला. खाटेवर मोठ्या अक्षरांत "तोंडाने काही देऊ नये" अशी पाटी आम्ही लावली. तुम्हीही लावा, पाहुण्यांना नर्स एकट्या आवरू शकत नाहीत.

फिजिओथेरपी पहिल्या दिवसापासून, पण बेताने. चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवण्याने निकाल सुधारत नाही, उलट बिघडतो, असा पुरावा आहे. आधी कूस बदलणं, मग बसवणं. लुळ्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्महिने टिकतं.

२० नोव्हेंबरला घरी सोडलं. लकव्याचे गुण १७ वरून चोवीस तासांत ९, आणि निघताना ६. बिल ६,१२,००० रुपये. त्यात मोठा वाटा जाळी, कॅथेटर आणि तारांचा. पाच लाखांच्या मेडिक्लेममधून ४,३१,००० मंजूर. कापलं गेलं ते बहुतेक खोलीच्या भाड्यामुळे: पॉलिसीची मर्यादा दिवसाला ५,०००, आणि आयसीयूतून बाहेर आल्यावर आम्ही ७,००० ची खोली घेतली. अशा वेळी नुसता फरक कापत नाहीत, डॉक्टरांच्या भेटीसारखे जोडखर्चही त्या प्रमाणात कापतात. खोली निवडण्याआधी पॉलिसीतलं हे कलम वाचा. वापरलेल्या प्रत्येक साधनाचं स्टिकर आणि इन्व्हॉइस फाइलला लागलंय का तेही पाहा, टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची, पहिली विचारणा त्याचीच येते. २०२४ च्या नियमांप्रमाणे डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी, आम्हाला पाच लागले. संगमनेरचं इंजेक्शन, स्कॅन आणि रुग्णवाहिका धरून वेगळे ५४,००० गेले.

मेडिक्लेम नसेल तर दोन दारं पहिल्याच दिवशी ठोठवावी. आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या सरकारी योजनेच्या माणसाला, विचारावं की महात्मा फुले योजनेत हे रुग्णालय आणि ही प्रक्रिया, दोन्ही बसतात का. आणि रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावं. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं.

घरी आल्यावरचे आठवडे जास्त अवघड. चालणं महिनाभरात काठीवर आलं. बोलणं मागे राहिलं. मेंदूची डावी बाजू दुखावली की शब्द हरवतात, समज बरीच शाबूत असते. मामा "पाणी" म्हणायला जात आणि "पान" बाहेर येई, मग चिडून भिंतीकडे तोंड करून पडत. डिसेंबरात जेवण कमी झालं, पहाटे जाग येऊ लागली. लकव्यानंतर तिघांतल्या साधारण एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध असतं. "मनाला लावून घेतलंय" म्हणून सोडून देऊ नये. गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत ते पुन्हा वाचा-उपचाराला बसू लागले. आठवड्यातून दोनदा, एका वेळचे ५०० रुपये, आणि रोज घरी मामीबरोबर अर्धा तास.

१० फेब्रुवारीला, ९१ व्या दिवशी, नाशिकला तपासणी. निकालाचा आकडा रँकिन मोजपट्टीवर ठरतो: ० म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. डॉक्टरांनी विचारलं, एकटे चालतात? हो. स्वतः आंघोळ, कपडे? हो, बटणं सोडून. पैशाचे व्यवहार? नाही. आठवडाभर एकटे राहू शकतील? मामी लगेच म्हणाली, "नाही बाई." श्रेणी ३.

चाचण्यांच्या हिशेबात ० ते २ म्हणजे स्वावलंबी. त्या ४६ टक्क्यांत मामा बसत नाहीत. पण त्याच हिशेबात दुसरा एक आकडा आहे: अडीच-तीन रुग्णांची गुठळी काढली की त्यांतल्या एकाचं अपंगत्व किमान एका पायरीने कमी होतं. मुळाशी बंद झालेली धमनी आणि १७ गुण घेऊन आलेला माणूस उपचाराविना ४ किंवा ५ वर जाणं मी कामावर वारंवार पाहतो. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, चोवीस तास दुसऱ्याच्या हातात. पाच आणि तीन यांच्यातलं अंतर ज्या घराने अनुभवलंय त्याला टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही.

मेमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीलाही श्रेणी ३ च राहिली. उजव्या हाताची पकड आली आहे, धार काढण्याइतकी नाही. सकाळी दादा धार काढतो, मामा किटली डाव्या हातात घेऊन डेअरीवर चालत जातात आणि पावतीवरचे लिटर आणि फॅट मोठ्याने वाचून दाखवतात. आकडे बरोबर येतात. दोन्ही गायींची नावंही. मामीचं नाव अजून तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला येतं, आणि ती तोवर थांबते.